सुरमई मुंबईला पोचते, रक्त पोचत नाही

प्रति,
मूत्रपिंडाच्या आणि रक्ताच्या दुर्मीळ आजारांवर औषधचाचण्या घेणारे डॉक्टर, त्यांना पैसा पुरवणाऱ्या कंपन्या, परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिट्या आणि सरकारी आरोग्य यंत्रणा यांस,

विषय : कोकणातल्या रुग्णाला पत्ता पाहून चाचणीबाहेर ठेवण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी हर्णै बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात २२ वर्षं काम करतो. लाद्या काढायच्या, क्रशरला लावायच्या, संध्याकाळी लिलाव आटपला की डब्यांत बर्फ भरून द्यायचा. रात्री इथून सुटलेली सुरमई पहाटे मुंबईच्या बाजारात पोचते तेव्हा तिचे डोळे चकचकीत असतात. डोळा बसला तर व्यापारी भाव पाडतो आणि शिव्या आम्हाला पडतात. तेव्हा थंडी कशी टिकवायची हे मला कुणी शिकवायची गरज नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पत्र लिहायला निमित्त राजापूरच्या एका मुलाच्या फोनचं. वय २६, टेम्पो चालवतो. आमची ओळख मुंबईतल्या एका रुग्णालयातल्या बाकड्यावरची. त्याला पीएनएच आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि सकाळची पहिली लघवी कोकमाच्या आगळासारखी होते. आजाराचं नाव कळायच्या आधी दोन वर्षं गावात काविळीचा झाडपाला झाला, पथ्य झालं, देवाला गाऱ्हाणं घालून झालं. हिमोग्लोबिन ५ वर आलं तेव्हा कुणीतरी मुंबईला पाठवला. परवा त्याला कळलं की तोंडाने घ्यायच्या एका नव्या औषधाच्या चाचणीसाठी रुग्ण घेत आहेत. त्याने फोन लावला. समन्वयक बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, रिपोर्ट मागवले, मग पत्ता विचारला. पत्ता ऐकल्यावर म्हणाल्या, केंद्रात दोन तासांत पोचता येईल असं राहणं हवं, तुम्हाला नाही घेता येणार.

त्याने मला विचारलं, "काका, गोळीच आहे ना ती? मग गावात बसून नाही का खाता येत?"

मला उत्तर माहीत होतं, पण ते देताना जीभ अडखळली. उत्तर मला माझ्या मुलीच्या आजाराने शिकवलं.

२०१७ चा आषाढ. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. आधी उलट्या, मग चेहरा पांढराफटक. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत ताप, डोळ्यांत पिवळी झाक, लघवी कमी, प्लेटलेट खाली असं काही दिसलं की पहिलं नाव लेप्टोचं येतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तेच धरलं, औषध चालू केलं. त्यांना मी दोष देत नाही. दहातल्या नऊ जणांना तेच असतं, आणि औषधाला उशीर झाला तर लेप्टोही सोडत नाही. पण चौथ्या दिवशी तिचं तोंड सुजलं आणि लघवी जवळजवळ बंद झाली. रात्री अकराला रुग्णवाहिका निघाली. खेडमार्गे कशेडी घाट, भर पावसात, मागे सलाईनची बाटली हातात धरून बायको बसलेली.

मुंबईत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड किती बिघडलंय ते सांगणारा आकडा, ६.८ निघालं, प्लेटलेट ३८ हजार. दुसऱ्या दिवशी डायलिसिस. एका तरुण निवासी डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला मोबाइल लावून काढलेला फोटो मला दाखवला. रक्तपेशी गोल असतात म्हणतात. त्या फोटोत फुटलेल्या बांगड्यांसारखे तुकडे होते. तो म्हणाला, "काका, हे लेप्टो नाही." काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब आणि ती बघणारा माणूस, एवढ्यावर आजाराची दिशा बदलली. असा सूक्ष्मदर्शक तालुक्यालाही असतो.

पुढे नाव कळलं : ॲटिपिकल एचयूएस. मला समजलं ते असं. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांची एक फौज असते, जंतूंवर तुटून पडणारी. आमच्या भाषेत सांगायचं तर गावचा राखणदारच. पण राखणदाराला घरचा माणूस आणि चोर यांतला फरक कळायला हवा. हा फरक ओळखून त्याचा हात आवरणारं प्रथिन म्हणजे फॅक्टर एच. माझ्या मुलीच्या शरीराने या फॅक्टर एचच्याच विरोधात प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार केली होती. आवरणारा गेला आणि राखणदार घरातच सुटला. मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते, तिथे गुठळ्या धरतात, त्यांत प्लेटलेट खर्ची पडतात आणि त्या अरुंद वाटेने जाताना तांबड्या पेशी फाटतात. फोटोतले तुकडे ते हेच.

मानेत नळी घालून रोज प्लाझ्मा बदलला. सोबत स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. मुलगी वाचली, डायलिसिस सुटलं. आज ती अकरावीत आहे आणि माझ्याशी मोबाइलवरून भांडते. हे सगळं झालं ते तुमच्यासारख्या संशोधकांमुळे, हे मी विसरलेलो नाही. या प्रतिपिंडाच्या आजारावर जगात सगळ्यांत मोठ्या अभ्यासांपैकी एक आपल्याच देशातला आहे. २०१४ मध्ये तो छापून आला : अनेक रुग्णालयांतली १३८ मुलं, एचयूएसच्या एकूण रुग्णांपैकी ५६ टक्के. युरोपात हे प्रमाण साधारण दहा टक्क्यांपर्यंतच सांगतात. त्या १३८ पैकी ११९ मुलांना डायलिसिस लागलं. प्लाझ्मा बदलणं आणि औषधं दोन्ही मिळाली त्यांच्यात मूत्रपिंड टिकण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त. आणि प्लाझ्मा बदलायला उशीर झाला की नुकसान जास्त, हेही त्यातच लिहिलं आहे. उशीर हा शब्द वाचून मला कशेडी घाट आठवतो.

आता गाऱ्हाणी.

पहिलं, पत्त्याचं. राजापूरच्या मुलाला नकार देण्यामागचं कारण खोटं नाही, हे मला माहीत आहे. पीएनएचमध्येही तांबड्या पेशी फोडतो तो हाच राखणदार, कॉम्प्लिमेंट. त्याला अडवणारं औषध चालू केलं की मेनिंगोकॉकस नावाच्या जंतूपुढे शरीर उघडं पडतं. म्हणून निदान दोन आठवडे आधी लस टोचतात आणि ताप आला की घड्याळ बघत बसायचं नाही, लगेच अँटिबायोटिक द्यायचं. पण लगेच म्हणजे तुमच्याच इमारतीत, असं कुठे आहे? सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शन राजापुरात मिळतं, दापोलीत मिळतं. मिळत नाही ती माहिती. रात्री दोन वाजता तापाने फणफणलेला टेम्पोवाला आला, तर हा साधा ताप समजायचा नाही हे तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरला कुणी सांगितलेलं नाही. रुग्णाच्या खिशात ठेवायचं सुरक्षा कार्ड या औषधांसोबत परदेशात देतातच. ते मराठीत छापा. तालुक्याच्या एका डॉक्टरला आधी फोन करून ठेवा, दोन इंजेक्शनं तिथे ठेवून द्या. हे न करता रुग्णालाच यादीतून काढलं की कागदावर सुरक्षा दिसते. त्या मुलाचा आजार मात्र राजापुरातच राहतो, दर महिन्याला रक्त चढवून घेत.

गंमत अशी की या आजारांवरचं पहिलं औषध, एक्युलिझुमॅब, हे शिरेतून दर दोन आठवड्यांनी द्यायचं होतं. अमेरिकेत २००७ मध्ये पीएनएचसाठी आणि २०११ मध्ये ॲटिपिकल एचयूएससाठी त्याला मान्यता मिळाली. तेव्हा अंतराची अडचण खरीच होती. मग आठ आठवड्यांनी द्यायचं आलं. आता दिवसातून दोनदा गिळायचं इप्टाकोपॅन आलं आहे. त्याला तिकडे डिसेंबर २०२३ मध्ये पीएनएचसाठी आणि मार्च २०२५ मध्ये सी३ ग्लोमेरुलोपॅथी या मूत्रपिंडाच्या आजारासाठी मान्यता मिळाली. औषध दर पायरीला रुग्णाच्या घराजवळ येत गेलं. तुमचे नियम अजून सलाईनच्या बाटलीला बांधलेले.

आणि आकडे तरी बघा. एक्युलिझुमॅब ॲटिपिकल एचयूएसवर चालतं हे ज्या दोन अभ्यासांवरून २०१३ मध्ये मांडलं, त्यांत मिळून ३७ रुग्ण होते. इप्टाकोपॅनच्या पीएनएचवरच्या मोठ्या चाचणीत ९७, सी३ ग्लोमेरुलोपॅथीच्या चाचणीत ७४. जगभर फिरून एवढेच मिळतात. म्हणजे या कामात एकेक माणूस मोजूनमापून गोळा करावा लागतो, आणि जो स्वतः फोन करतो त्याला पत्त्यावरून परत पाठवायचं?

दुसरं गाऱ्हाणं थंडीचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा माझा धंदा आहे.

२०१९ मध्ये मुलीचा आजार उलटतोय का अशी शंका आली. एका संशोधन प्रकल्पातून निरोप आला, तिथल्या तिथे रक्त काढून पाठवा. दापोलीच्या लॅबमध्ये जांभळ्या टोपीच्या दोन नळ्या काढल्या. लॅबवाल्याने त्या साध्या फ्रिजमध्ये ठेवल्या. कुरिअरवाला दुसऱ्या दिवशी आला. जेलच्या दोन पिशव्यांत गुंडाळून डबा गेला. आठवड्याने उत्तर आलं : नमुना अयोग्य. मी फोन करून कारण विचारलं तेव्हा कळलं की काही तपासण्यांसाठी प्लाझ्मा ताबडतोब वेगळा करून उणे ८० अंशांत गोठवावा लागतो. नाहीतर नळीतल्या नळीत कॉम्प्लिमेंट पेटून उठतं आणि आकडे खोटे येतात. मी सुन्न झालो. बर्फवाल्याच्या पोरीचं रक्त गरम होऊन वाया गेलं. आधी सांगितलं असतं तर मी स्वतः डबा भरला असता!

आमचा बर्फ शून्य अंशाचा, तो इथे उपयोगाचा नाही हे मला कळतं. पण कोरडा बर्फ उणे ७८ अंशांचा असतो आणि तो मुंबईत विकत मिळतो. निर्यातीची कोळंबी उणे ४० अंशांत गोठवतात आणि उणे १८ ला साठवतात. म्हणजे थंडीची साखळी किनाऱ्यावर नाही असं नाही, ती कोळंबीसाठी आहे. सिंधुदुर्गात, रत्नागिरीत, अलिबागला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. जिल्ह्याला एक खोल गोठवणारा फ्रीज, एक सेंट्रिफ्यूज, आठवड्यातून एकदा कोरड्या बर्फाचा डबा घेऊन जाणारी गाडी. यातली कुठली गोष्ट अशक्य आहे ते मला लेखी सांगा.

याच्याच पोटातलं आणखी एक. आजार संशयित असेल तर प्लाझ्मा चढवण्याच्या आधी रक्ताचा नमुना काढून ठेवायचा असतो. एकदा दुसऱ्याचा प्लाझ्मा आत गेला की आपलं काय आणि त्याचं काय, गोंधळ होतो. हे तालुक्याच्या डॉक्टरला कुणी सांगायचं? पावसाळ्यात ज्या रुग्णाच्या प्लेटलेट कमी आणि क्रिएटिनिन जास्त, त्याच्या रक्ताची काचपट्टी त्याच दिवशी बघा, एलडीएच ही पेशी फुटल्याची खूण दाखवणारी तपासणी करा, तुकडे दिसले तर दोन नळ्या बाजूला काढा आणि अमुक नंबरला फोन करा, असा एक पानाचा कागद पुरे. लेप्टोचं पोस्टर आमच्याकडे प्रत्येक आरोग्य केंद्रात आहे. त्याच्या खाली जागा आहे.

तिसरं. आमच्या मुलांचा आजार तुमच्या चाचण्यांत दिसत नाही. पश्चिमेकडे हा आजार बहुतेक वेळा जनुकातल्या दोषातून येतो, आपल्याकडच्या शाळकरी मुलांत प्रतिपिंडातून. त्यामागे काही नाही असं नाही : त्या २०१४ च्या अभ्यासात ६८ मुलांची जनुकं तपासली, त्यांतल्या ६० जणांत सीएफएचआर१ नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि बापाकडची, गायब होत्या. मग कुणाला पुन्हा उलटेल, औषध कधी थांबवायचं, मुलगी मोठी होऊन बाळंत होईल तेव्हा काय, हे प्रश्न आपल्यालाच सोडवायला हवेत. पण या मुलांचा मुख्य उपचार म्हणजे प्लाझ्मा बदलणं आणि जुनी, स्वस्त औषधं. त्यात कुणा कंपनीला विकायला नवीन काही नाही, म्हणून पैसा लावायलाही कुणी पुढे येत नाही, असं माझं मत आहे. चुकत असेन तर दाखवून द्या. बरोबर असेन तर तो पैसा सरकारने लावायचा.

चौथं, चाचणी संपल्यानंतरचं. २०१९ च्या औषधचाचण्यांच्या नियमांत तरतूद आहे की चाचणी संपल्यावरही औषध मोफत देता येईल. पण कधी? डॉक्टरांची शिफारस हवी, एथिक्स कमिटीची मान्यता हवी, दुसरा उपचार उपलब्ध नसावा, आणि रुग्णाने लिहून द्यायचं की पुढे काही झालं तर कंपनीची जबाबदारी नाही. आता पीएनएचच्या माणसाचं औषध अचानक थांबलं तर इतके दिवस वाचलेल्या पेशी एकदम फुटतात. ज्याच्या जिवाला औषध लागू पडलं त्याला ते पुढे मिळेल की नाही, हे सही करण्याआधी कळायला हवं. दुसरा उपचार उपलब्ध आहे असं कुणी म्हणालंच, तर तो कुठल्या किमतीला हेही सांगा. एक्युलिझुमॅब अमेरिकेत वर्षाला सुमारे पाच लाख डॉलरला पडत होतं. आपल्या दुर्मीळ आजार धोरणातली मदत २०२२ पासून ५० लाख रुपयांपर्यंत आहे, तीही यादीतल्या आजारांना आणि ठरवून दिलेल्या केंद्रांत. गुणाकार तुम्हीच करा, मी लाद्या मोजणारा माणूस.

पाचवं थोडक्यात. त्याच नियमांत असं आहे की ज्या केंद्राला स्वतःची एथिक्स कमिटी नाही, त्याने त्याच शहरातल्या किंवा ५० किलोमीटरच्या आतल्या कमिटीची मान्यता घ्यावी. मुंबईची कमिटी दापोलीसाठी चालत नाही, ५० किलोमीटरचं वर्तुळ जवळजवळ निम्मं समुद्रातच पडतं. तेव्हा जिल्ह्याच्या महाविद्यालयांत नोंदणी झालेली कमिटी चालू असावी, आणि तिच्यात जो सामान्य नागरिक म्हणून सदस्य घेतात तो खरोखर एसटीने येणारा असावा.

मागण्या सांगतो.

मुक्कामाच्या अंतरावरून कुणालाही नकार देऊ नका. द्यायचाच असेल तर कारण लेखी द्या आणि तालुक्याच्या दवाखान्यात कुठली सोय केली तर घेता येईल तेही लिहा. दर भेटीला मुंबईला बोलावू नका. रक्तदाब, लघवी आणि साध्या तपासण्या जिल्ह्यात करा, जे मुंबईतच होतं तेवढ्यासाठी बोलवा आणि त्या दिवसाचं भाडं आणि बुडालेली मजुरी त्याच दिवशी द्या, तीन महिन्यांनी चेकने नको. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून द्यायला मोकळीक आहे. आम्ही भीक मागत नाही.

तिन्ही जिल्ह्यांत नमुना गोठवण्याची आणि नेण्याची सोय करा. पुढच्या मिरगाच्या आधी ते एक पानाचं पत्रक प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात लागू दे.

प्रतिपिंडाच्या आजारातून उठलेल्या मुलांची नोंद ठेवा आणि ती मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा करा. अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलांच्या विभागातून नाव निघतं आणि मोठ्यांच्या विभागात कुणी ओळखत नाही. माझ्या मुलीला आता दोनच वर्षं उरली आहेत.

संमतीपत्र मराठीत द्या. म्हणजे आमच्या मराठीत. मला मिळालेल्या एका कागदावर "यादृच्छिकीकरण" असा शब्द होता. चिठ्ठ्या टाकून ठरवणार असं लिहिलं असतं तर गावातल्या म्हातारीलाही कळलं असतं.

जागेची अडचण सांगू नका. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आमचा कारखाना निम्मा रिकामा. नेमके तेच आमचे तापाचे महिने. थर्माकोलचे डबे आमच्याकडे पडून आहेत, मालकांना विचारलं आहे, ते हो म्हणाले. कोरडा बर्फ तेवढा तुम्ही पाठवा, भरून मी देतो.

एक शेवटचं, माझ्या घरचं. मुलीचं रक्त संशोधनासाठी दोनदा घेतलं. एकदा वाया गेलं ते वर लिहिलंच. २०१७ चं पोचलं होतं. त्या संमतीपत्राची प्रत माझ्या फायलीत आहे, पावसाने कडा पिवळ्या झाल्यात. चौथ्या पानावर तळाशी एक ओळ आहे : "या अभ्यासाचे निष्कर्ष मला कळवावेत." पुढे होय आणि नाही अशा दोन चौकटी. होयच्या चौकटीत बायकोने केलेली खूण अजून स्पष्ट दिसते. पत्ता तोच आहे.

आपला,
दापोली तालुक्यातल्या एका मुलीचा बाप
हर्णै, जि. रत्नागिरी